डच भाषेतला एक प्रबंध

माठ विकत घेताना टिचकी मारून पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. खणखणीत वाजला तर माठ पक्का, बद्द वाजला तर कोठे तरी तडा, एवढे ज्ञान गिऱ्हाइकाला पुरते. पण पातळ, वक्र आणि सच्छिद्र भिंतीची ही वस्तू आपल्या वजनाच्या मानाने केवढा भार पेलते, याचे नवल सहसा कोणी करीत नाही. अशा वक्र भिंतीला अभियंते कवच म्हणतात. विमानाचे धड, अग्निबाणाची टाकी, सभागृहाचा घुमट ही सारी कवचेच होत. या कवचांच्या शास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण मराठी श्रोत्यांना विशेष जवळचे वाटावे. कारण त्यात गणिताइतकाच भाषेचाही भाग आहे.

कवच दोन तऱ्हांनी निकामी होते. एक तर त्याचा पदार्थच फुटतो. नाही तर पदार्थ धड असतानाच आकार दगा देतो. पत्र्याचा रिकामा डबा दाबीत गेले की तो बराच वेळ दाद देत नाही, आणि मग एका क्षणी खाडकन चेपतो. याला बकलिंग म्हणतात. टिचकीचा याच्याशी संबंध आहे. तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो. उलट कवचावर दाब वाढत गेला की त्याचा स्वर उतरत जातो, आणि चेपण्याच्या क्षणी कंपनाची वारंवारता शून्यापाशी येते. म्हणून कवच न मोडता, केवळ त्याची कंपने मोजून, ते केव्हा चेपेल याचा अंदाज बांधण्याची रीत पुढे निघाली.

नळकांड्याच्या आकाराचे कवच किती भाराला चेपेल याचे गणित लोरेन्झ यांनी 1908 मध्ये आणि तिमोशेंको यांनी 1910 मध्ये मांडले. गोलाकार कवचाचे झोएली यांनी 1915 मध्ये. सूत्रे सुटसुटीत होती आणि गणितात खोट नव्हती. अडचण उपस्थित झाली ती प्रयोगशाळेत. विमाने पातळ पत्र्याची होऊ लागली तेव्हा, 1930 नंतरच्या दशकात, अमेरिकेत नळकांडी दाबून पाहण्यात आली. ती सूत्राने सांगितलेल्या भाराच्या निम्म्यालाच, कित्येकदा त्याहूनही पुष्कळ आधी, चेपली. शिवाय एकाच मापाची दोन नळकांडी दोन वेगळ्या भारांना मोडत. कार्मान आणि त्यांचे चिनी शिष्य त्सिएन यांनी 1939 मध्ये दाखविले की, चेपल्यानंतर कवचाला फारच थोड्या भाराखाली टिकून राहता येते, आणि म्हणून ते तिकडे उडी घेण्यास टपलेले असते. पण उडी नेमकी केव्हा, हे त्यातून कळेना.

व्यवहार मात्र थांबत नसतो. जाडी दुप्पट केली की वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. तेव्हा वजन न वाढविता जाडी वाढवावी, ही युक्ती निघाली. 25 नोव्हेंबर 1940 रोजी प्रथम उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचे धड प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये हलके, सच्छिद्र बाल्सा लाकूड भरून घडविले होते. युक्ती उत्तम होती. कोड्याचे उत्तर मात्र ती नव्हती.

उत्तर त्याच युद्धकाळात, जर्मन ताब्यातील हॉलंडमध्ये तयार होत होते. वॉर्नर कोइटर या तरुण अभियंत्याने स्थितिस्थापक समतोलाच्या स्थैर्यावर प्रबंध लिहिला, आणि देश मुक्त झाल्यावर 1945 मध्ये डेल्फ्ट येथे त्यावर डॉक्टरेट मिळविली. त्यांचे म्हणणे असे: खरे कवच कधीच बिनचूक नसते, आणि काही आकार इतके हळवे असतात की डोळ्यांना न दिसणारी वाकही त्यांना पुरते. त्यांच्या सिद्धांतानुसार नळकांड्याच्या भिंतीत जाडीच्या एक दशांशाएवढी वलयाकार लाट असली, तरी भार पेलण्याची शक्ती सुमारे 40 टक्क्यांनी घटते.

हा प्रबंध डच भाषेत होता. डच अभियंत्याने डच विद्यापीठासाठी स्वभाषेत लिहावे, यात वावगे काय? पण अवघ्या जगाला ज्या प्रश्नाने छळले होते त्याचे उत्तर छापील रूपात असूनही हॉलंडबाहेर ते जवळजवळ कोणी वाचले नाही. इतरत्र अभियंते चाचण्यांचे आकडे गोळा करून सर्वांत खालच्या रेषेवर विसंबत. नासाच्या 1965 च्या मार्गदर्शिकेतही तीच पद्धत आहे: त्रिज्या जाडीच्या हजारपट असली तर गणिताने आलेल्या भाराचा चतुर्थांशही हिशेबात धरू नये. डच येत नव्हते म्हणून धातू जास्त लागला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कारण दोष किती आहे हे मोजल्यावाचून कोइटर यांचे गणितही चालत नाही. पण धातू का जास्त लागतो, हे तरी वीस वर्षे आधी कळले असते.

हार्वर्डच्या बुडियान्स्की आणि हचिन्सन यांनी 1960 नंतर या कार्याकडे लक्ष वेधले. कोइटर स्वतःही इंग्रजीत लिहू लागले होते. अखेर 1967 मध्ये नासाने प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ज्ञान स्वभाषेत लिहावे की नाही, असा वाद आपल्याकडे घातला जातो तेव्हा हे उदाहरण दोन्ही पक्षांना वापरता येईल. मला त्यात उणीव दिसते ती डच भाषेची नव्हे, भाषांतरकाराची.

आज धातूचा फेस भरून किंवा छिद्रांची दाटी थरागणिक बदलून हलकी कवचे घडविली जातात. तेथे हिशेब आणखी नाजूक आहे. छिद्रांनी भरलेला गाभा दाबाखाली थरांमध्ये सरकतो, म्हणून घन पदार्थाची जुनी सूत्रे त्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आणि छिद्रे एका बाजूला जरा अधिक साठली, तर ती असमानता हीच कोइटर यांनी सांगितलेली वाक ठरते.