सुट्टी झाली, पण घरी कधी?

आपल्या मराठवाड्यात 'डिस्चार्ज' फारसं कुणी म्हणत नाही. 'सुट्टी झाली का?' असं विचारतात. ही सुट्टी दोनदा होते. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, 'आज जा घरी', ती पहिली. कागद हातात घेऊन माणूस खरंच फाटकाबाहेर पडतो, ती दुसरी. आज बोलायचंय ते या दोहोंमधल्या वेळेबद्दल.

खाजगी दवाखान्यात हा वेळ पैशांच्या जुळवाजुळवीत जायचा. रुग्ण बरा होऊन खाटेवर बसलेला आणि मुलगा गावाकडे उसनवारीला गेलेला! २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ती काही सुट्टी लवकर व्हावी म्हणून आली नव्हती, पण फरक तिथंच आधी दिसणार होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, ९७२ उपचार. जाताना बिल नाही. एक बारीकशी तरतूद मला फार आवडते. घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही दवाखान्यानंच द्यायचं.

त्या आठांत मराठवाड्यातला एकच जिल्हा होता, नांदेड. लातूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. लोहा नांदेडात, लागूनच अहमदपूर लातुरात. आणि अहमदपूरकडची माणसंही उपचाराला नांदेडला येतात. समजा शेजारच्या खाटांवर दोघं, आजार एक, सुट्टीचा दिवस एक. लोह्याचा घरी निघाला, अहमदपूरचा बिलाच्या खिडकीपाशी. सोळा महिने हा फरक फक्त रेशनकार्डावरच्या जिल्ह्यानं पाडला.

योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. पण खाजगी विमा असलेल्यांचं थांबणं वेगळंच. ते कंपनीच्या मंजुरीवर अडतं. मे २०२४ मध्ये विमा नियामकानं बजावलं, की दवाखान्याची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्या. उशिरामुळे दवाखान्यानं जादा आकार लावला, तर तो कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून.

नियम चांगलाच आहे. पण ते तीन तास मोजायचे कुठून? दवाखान्याची विनंती गेल्यावर. राउंड संपल्यापासून अंतिम बिल तयार होईपर्यंतचा वेळ त्यात धरलेलाच नाही. डॉक्टर अकराला 'जा' म्हणाले आणि बिल तीनला पाठवलं, तर सहाची मंजुरीही नियमात बसते. तोवर गावाकडची मुक्कामी एसटी सुटून गेलेली असते, आणि सोबतची माणसं रात्रीच्या डब्याची सोय बघायला पुन्हा बाहेर पडतात.