ओव्हनविना दालचिनी रोल : वाळवणाचे नवे रूप

मुंबई : दालचिनीचा रोल म्हटला की मैदा, यीस्ट, लोणी आणि तापलेली भट्टी डोळ्यांसमोर येते. स्वीडनमध्ये या पदार्थाला इतका मान आहे की १९९९ पासून दरवर्षी ४ ऑक्टोबर हा दिवस त्याच्या नावाने साजरा होतो. मात्र गेल्या काही वर्षांत याच रोलचा एक निराळा अवतार शहरी घरांत शिरला आहे. त्यात मैदा नाही, यीस्ट नाही आणि भट्टीही नाही. भिजवलेले बदाम, जवस आणि खजूर यांची पोळी लाटून, दालचिनीचे सारण भरून ती गुंडाळायची आणि डिहायड्रेटर नावाच्या विजेवरील वाळवणी यंत्रात मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवायची, अशी ही रीत आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील दमट हवेत हा प्रयोग करताना पाककृतीइतकेच वाळवणाचे शास्त्रही ठाऊक असणे आवश्यक ठरते.

उपनगरांची वाळवण परंपरा

वाळवणे ही कला मुंबईला नवी नाही. वेसावे, मढ आणि गोराई येथील कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवले जातात. ओल्या बोंबलात पाण्याचा अंश फार मोठा असतो आणि तो समुद्रावरच्या कोरड्या वाऱ्याने व उन्हाने काढून घेतला जातो. पापडाची कथाही याच शहराची आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. केंद्रावरून पीठ घरी न्यायचे आणि लाटून वाळवलेले पापड परत आणून द्यायचे, ही त्याची पद्धत पुढे उपनगरांतील असंख्य घरांत पोहोचली.

प्रस्तुत रोलचे सर्वांत जवळचे नातेवाईक मात्र कोकणात सापडतात. तूप लावलेल्या ताटात आंब्याचा किंवा फणसाचा रस पसरून, एप्रिल-मेच्या उन्हात थरावर थर वाळवून केलेली आंबापोळी आणि फणसपोळी हीसुद्धा न शिजवता, केवळ पाणी काढून टिकवलेली गोड पोळीच आहे. फरक इतकाच की तिला ऊन लागते आणि ती पावसाआधी उरकावी लागते. गच्ची सर्वांची झाली, सज्जे बंदिस्त झाले, तेव्हा उपनगरातील सदनिकेत उन्हाची जागाच उरली नाही. ती उणीव यंत्र भरून काढते.

यंत्र कसे चालते?

डिहायड्रेटरमध्ये तीन भाग महत्त्वाचे असतात : हवा तापवणारी तार, ती हवा फिरवणारा पंखा आणि तापमान राखणारा नियंत्रक. पदार्थ जाळीदार ट्रेवर पसरला जातो. घरगुती यंत्रात साधारणतः ३५ ते ७० अंश सेल्सिअस तापमान ठेवता येते.

पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असताना पदार्थ वाळतो कसा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सापेक्ष आर्द्रतेत आहे. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता अधिक. २८ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा ४६ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता सुमारे ३२ टक्क्यांवर येते. हिवाळ्यातील ३० अंशांची, ४५ टक्के आर्द्रतेची हवा तितकीच तापवली, तर ती १९ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे जुलैमध्येही यंत्र काम करते, पण जानेवारीपेक्षा अधिक वेळ घेते. परदेशी कृतीत दिलेले तास मुंबईत जसेच्या तसे लागू होत नाहीत, त्याचे हेच कारण होय. यंत्र बंद खोलीत ठेवल्यास त्यातून निघालेले बाष्प खोलीतच साठते. खिडकी उघडी ठेवणे किंवा स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅन चालू ठेवणे त्यामुळे फायद्याचे ठरते.

विजेचा हिशेबही सोपा आहे. ४०० वॅटचे यंत्र सलग १० तास पूर्ण क्षमतेने चालले, तर ४ युनिट वीज लागते. नियंत्रक अधूनमधून तार बंद करीत असल्याने प्रत्यक्ष वापर काहीसा कमी असतो.

कच्चा आहार : विचार आणि मर्यादा

अन्न ४० ते ४८ अंशांपलीकडे तापवू नये, असा कच्च्या आहाराच्या पुरस्कर्त्यांचा आग्रह असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी कच्ची फळे व धान्ये यांचा पुरस्कार केला. आपल्याकडे महात्मा गांधींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, पण आमांशाच्या विकारामुळे तो थांबवावा लागला. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांच्याच प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला.

कमी तापमानामुळे अन्नातील विकरे जिवंत राहतात, असा दावा केला जातो. तथापि ही विकरे स्वतः प्रथिने असल्याने जठरातील आम्लात त्यांचे बहुतांशी विघटन होते. 'क' जीवनसत्त्वासारखे उष्णतेला हळवे घटक मंद उष्णतेत अधिक टिकतात, हे खरे. पण दीर्घकाळ वाहत्या हवेत ठेवल्याने त्यांचीही काही प्रमाणात हानी होतेच. शिवाय 'कच्चा' हा शब्द नेहमी अक्षरशः घेता येत नाही. वेंगुर्ले किंवा चंदगड परिसरातील कारखान्यांतून येणारा पांढरा काजूगर हा वाफवलेल्या बियांतून काढून पुढे गरम हवेत वाळवलेला असतो. कवचातील दाहक तेलामुळे त्याला पर्याय नसतो.

दालचिनी की तज?

'दालचिनी' हे नाव फारसीतील 'दारचिनी', म्हणजे चिनी लाकूड, यावरून आले. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या साली मिळतात. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, अनेक पदरी, फिकट तपकिरी आणि हाताने सहज मोडणारी असते. तज किंवा कॅसिया ही जाड, एकपदरी, कठीण आणि लालसर असते. भारतीय अन्न मानकांतही या दोहोंची नोंद स्वतंत्र आहे. कोकणातही दालचिनीची लागवड होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात विकसित केली असून, नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून ती घेतली जाते.

हा भेद केवळ स्वादाचा नाही. तजमध्ये कुमारिन हे द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते आणि काही व्यक्तींच्या यकृताला त्यापासून अपाय संभवतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. तजच्या एक ग्रॅम पुडीत सरासरी ३ मिलिग्रॅम कुमारिन धरले, तर ५ ग्रॅम पूड घालून केलेल्या १२ रोलपैकी प्रत्येकात सुमारे सव्वा मिलिग्रॅम येते. ६० किलो वजनाच्या प्रौढाची मर्यादा ६ मिलिग्रॅम आहे. १५ किलोच्या मुलाची मात्र केवळ दीड मिलिग्रॅम. म्हणजे एका रोलनंतर त्या मुलाची दिवसाची मर्यादा जवळपास संपते. खऱ्या दालचिनीत कुमारिन नाममात्र असल्याने मुलांसाठी तीच वापरणे इष्ट. पूड विकत घेतल्यास दोहोंतील फरक ओळखता येत नाही. म्हणून साल आणून घरी दळणे श्रेयस्कर.

साहित्य आणि कृती

पोळीसाठी : बदाम पाव किलो, जवसाची पूड १०० ग्रॅम, बिया काढलेला खजूर ७० ग्रॅम, इसबगोल २ चमचे, चिमूटभर मीठ, लागेल तसे पाणी.

सारणासाठी : खजूर १५० ग्रॅम, मनुका मूठभर, दालचिनीची पूड २ लहान चमचे (सुमारे ५ ग्रॅम), किंचित जायफळ.

वरच्या लेपासाठी : भिजवलेले काजू १०० ग्रॅम, नारळाचे दाट दूध, चवीपुरता खजूर.

बदाम ८ तास भिजवून सोलावेत, कापडावर कोरडे करावेत आणि मिक्सरमध्ये बारीक करावेत. त्यात जवस, इसबगोल, मीठ व वाटलेला खजूर घालून पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट गोळा मळावा. अर्धा तास झाकून ठेवल्यास इसबगोल व जवस पाणी धरतात आणि पोळी फाटत नाही. दोन बटर पेपरच्या मध्ये पाव इंच जाडीची चौकोनी पोळी लाटावी. कोमट पाण्यात मऊ केलेल्या खजुराच्या लगद्यात दालचिनी, जायफळ व मनुका मिसळून ते सारण पसरावे. कागदाच्या आधाराने, आळुवडीप्रमाणे, घट्ट गुंडाळी करून तिचे १२ तुकडे करावेत.

पहिला तास यंत्र ६० ते ६३ अंशांवर ठेवावे. या काळात पृष्ठभागावरील पाणी वेगाने उडत असल्याने पदार्थ स्वतः तितका तापत नाही, ओलावा मात्र झपाट्याने घटतो. त्यानंतर ४६ अंशांवर ८ ते १० तास, पावसाळ्यात १२ तासांपर्यंत, वाळवावे. निम्म्या वेळेनंतर रोल उलटावेत. बाहेरून कोरडा व आतून मऊ लागला की रोल तयार झाला. काजूचा लेप खाण्यापूर्वीच लावावा.

काटेकोर जैन आहारात रात्र उलटलेला ओला पदार्थ वर्ज्य असतो. अशा घरांत रात्रभर भिजवण आणि रात्रभर वाळवण या दोन्ही पायऱ्या अडचणीच्या ठरतात. तेथे बदामाचे तयार पीठ वापरून पहाटे आरंभ करणे आणि सूर्यास्तापूर्वी संपवणे हा मार्ग उरतो.

जोखीम आणि साठवण

या पदार्थाची खरी कसोटी चवीत नसून सुरक्षिततेत आहे. ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो आणि ओला गोळा तासन्‌तास त्याच पट्ट्यात राहतो. पापड किंवा सुका बोंबील कडक होईतो वाळत असल्याने टिकतो. हा रोल मऊच ठेवायचा असल्याने त्याला ते संरक्षण नसते. २००१ आणि २००४ मध्ये कच्च्या बदामांतून साल्मोनेलाचा संसर्ग पसरल्यानंतर अमेरिकेने २००७ पासून कॅलिफोर्नियातील बदामांचे निर्जंतुकीकरण सक्तीचे केले. तो नियम उत्तर अमेरिकेतील विक्रीपुरता असल्याने येथे आलेला बदाम तसा असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

यावर साधा उपाय आहे. भिजवण्यापूर्वी बदाम दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकावेत. त्यामुळे सालही सुटते आणि पृष्ठभागावरील जिवाणूही मोठ्या प्रमाणात मरतात. मग पदार्थ शब्दशः 'कच्चा' राहत नाही, पण चव बदलत नाही. भिजवण शक्यतो फ्रिजमध्ये करावी. जवस भाजून वापरण्याची मराठी घरांतील चटणीची रीत येथेही उपयोगी पडते. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींना पूर्णतः कच्चा रोल देऊ नये.

तयार रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. आंबूस वास, चिकट तार किंवा बुरशीचा ठिपका दिसल्यास तेवढाच भाग काढून न टाकता संपूर्ण रोल टाकून द्यावा.

साखर वगळल्याने हा पदार्थ हलका होतो, हा समजही दूर करावयास हवा. एका रोलमध्ये सुमारे २५० ते २७० कॅलरी असतात आणि खजुरातून येणारी साखर १२ ग्रॅमच्या घरात जाते. मधुमेही व्यक्तींनी तो मिठाईच समजून खावा. आंबापोळीचा तुकडा जसा जेवणानंतर बोटभरच तोडला जातो, तेच प्रमाण या नव्या वाळवणालाही शोभणारे आहे.