फायबरचा साज चढवताना...

मोटारीचे मूळ रूप बदलून तिला शर्यतीच्या गाडीचा बाज द्यावा, ही हौस आता केवळ मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव यांसारख्या शहरांतील तरुणही पुढचा-मागचा बंपर, साइड स्कर्ट, स्पॉयलर असा संपूर्ण संच, म्हणजेच बॉडी किट, मागवू शकतात. हे संच बहुधा फायबरग्लासचे असतात. मात्र या साजाची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. गाडीची सुरक्षितता, विमा आणि नोंदणी या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित असतात.

फायबरग्लास म्हणजे काय?

काचेच्या अतिशय बारीक तंतूंची चटई (मॅट) आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या संयोगातून हा पदार्थ तयार होतो. साच्याला आधी मेण लावतात, त्यावर जेलकोटचा गुळगुळीत थर देतात आणि मग रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे थर एकावर एक बसवतात. हार्डनर मिसळल्यावर रेझिन स्वतःच उष्णता निर्माण करून घट्ट होते. यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. त्यामुळेच कूलरचे सांगाडे, दरवाजे, पुतळे यांपासून मोटारीच्या बंपरपर्यंत हा पदार्थ सर्वत्र पोहोचला.

मोटारनिर्मितीत त्याला मानाचे स्थान मिळाले ते १९५३ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेट ही फायबरग्लास बॉडीची स्पोर्ट्स कार बाजारात आली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. भारतात १९८० च्या दशकात बंगळुरूची डॉल्फिन आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी फायबरच्या बॉडीसह आली. महाराष्ट्रात दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ने मोटारींचे रूप पालटण्याच्या कलेला व्यवसायाचे स्वरूप दिले. त्यांची ‘अवंती’ ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये सादर झाली.

खरेदी करताना

बाजारात फायबरग्लासखेरीज एबीएस प्लॅस्टिक आणि पॉलियुरेथेनचे संचही मिळतात. प्लॅस्टिक व पॉलियुरेथेन धक्का बसल्यास वाकतात. फायबर मात्र तडकते. याउलट तडकलेले फायबर मागच्या बाजूने मॅट व रेझिन लावून स्थानिक कारागीरही दुरुस्त करू शकतो. दूरच्या शहरातून सुटा भाग मागवण्याची वेळ येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हा गुण मोलाचा ठरतो.

संच घेताना त्याची पुढची चकचकीत बाजू पाहण्यापेक्षा मागची बाजू पाहावी. तेथे कोरडी, रेझिन न पोहोचलेली मॅट किंवा हवेचे फुगे दिसले, तर तो भाग कच्चा समजावा. जाडी सर्वत्र सारखी आहे का, बोल्टच्या जागी जादा थर किंवा धातूची पट्टी आहे का, उजवा व डावा भाग एकमेकांशी जुळतो का, हे तपासावे. गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि वर्षासाठी बनवलेलाच संच घ्यावा. ‘सर्व गाड्यांना चालणारा’ संच बहुधा कोणत्याच गाडीला नीट बसत नाही.

बसवण्याची रीत

रंग देण्यापूर्वी संच एकदा गाडीला लावून पाहणे अत्यावश्यक आहे. फायबरचा भाग घासून, कापून, पुटी भरून जुळवावाच लागतो. आधी रंग दिला, तर ते काम दोनदा करावे लागते. नवा भाग काही दिवस उन्हात ठेवून पूर्ण पक्का होऊ द्यावा. तसे न केल्यास रंगाखालून मॅटचे ठसे वर उमटतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या काळात रेझिन फार लवकर घट्ट होते. म्हणून ते थोडे थोडे, सकाळच्या वेळी कालवावे आणि हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावे.

पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक छिद्राला गंजरोधक प्रायमर लावावा. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरकडे जाणारी हवा अडता कामा नये. अन्यथा मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात इंजिन तापण्याचा धोका संभवतो. पाच माणसे बसवून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कोठे घासतो का, हेही पाहावे.

कारागिराची काळजी हाही महत्त्वाचा भाग आहे. घासताना उडणारी काचेची धूळ त्वचा, डोळे व फुफ्फुसे यांना त्रासदायक असते आणि रेझिनची वाफ घातक असते. मास्क, चष्मा व हातमोजे हवेतच. हार्डनर आणि अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. दोन्ही स्वतंत्रपणेच रेझिनमध्ये घालावेत.

रस्त्याचे गणित

भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. लहान मोटारीचा जमिनीपासूनचा मोकळा अंतराळ साधारण १६ ते १७ सेंटीमीटर असतो. पुढच्या बंपरखाली ५ सेंटीमीटरची पट्टी लावली, की तो ११-१२ वर येतो. गाडी भरली की आणखी घटतो. गावोगावचे गतिरोधक मानकाप्रमाणे असतीलच असे नाही. त्यातच गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना बाजू देताना रस्ता सोडून खाली उतरावे लागते. अशा वेळी पहिला बळी जातो तो या पट्टीचाच.

स्पॉयलरमुळे गाडी रस्त्याला चिकटून राहते, हे खरे आहे, पण वेग मोठा असेल तरच. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२० किलोमीटरला तो ६० च्या चौपट असतो. जिल्ह्यातील रोजच्या वेगात स्पॉयलर हा बव्हंशी अलंकारच ठरतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कायद्याच्या दृष्टीने ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा संरचनेतील फेरफार. बोल्टने लावलेली व काढता येणारी छोटी पट्टी आणि पत्रा कापून गाडी रुंद करणारा संच यांत म्हणूनच मोठा फरक आहे. शंका असल्यास काम सुरू करण्यापूर्वी, एमएच-२३ मालिकेच्या गाडीसाठी बीडच्या आणि एमएच-४४ साठी अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर. गाडीचा रंग बदलल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. नंबरप्लेट व दिवे झाकले जाणार नाहीत, याचीही दक्षता हवी.

सुरक्षितता आणि विमा

मूळ बंपर ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. त्यामागे धक्का शोषणारा फोम आणि पोलादी आडवा पट्टा असतो. एअरबॅगच्या कार्याचा हिशेबही मूळ रचनेवर बेतलेला असतो. किट बसवण्यासाठी हा पट्टा कापणे म्हणजे गाडीतील माणसांचे संरक्षण कापणे होय. टोकदार कडा पादचारी व दुचाकीस्वारांना घातक ठरतात, हेही विसरून चालणार नाही.

बदल केल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे आणि जादा साहित्याची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्यावी. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. उत्पादकाच्या वॉरंटीच्या अटीही आधी वाचाव्यात. काढलेला मूळ बंपर, त्याचे ब्रॅकेट व स्क्रू जपून ठेवावेत. गाडी विकताना किंवा परिवहन कार्यालयाची हरकत आल्यास तेच उपयोगी पडतात.