राष्ट्रचिन्हे आणि धार्मिक आक्षेप

राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत, राजमुद्रा किंवा राष्ट्रीय घोषणा यांना ठरावीक पद्धतीने वंदन करणे आपल्या धर्मश्रद्धेत बसत नाही, या कारणावरून व्यक्तीने वा समाजाने घेतलेला आक्षेप. देशाविषयीचा आदर कुठे संपतो आणि उपासना कुठे सुरू होते, हा या वादाचा गाभा आहे. एकाला जो साधा शिष्टाचार वाटतो त्यातच दुसऱ्याला पूजा दिसते. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक ध्वजवंदन व राष्ट्रगीतगायन यांकडे मूर्तिपूजेच्या जवळची कृती म्हणून पाहतात. अनेक मुस्लिमांना अल्लाहखेरीज कोणालाही वंदन करणे मान्य नसते. बौद्ध वा नास्तिक माणसाला हात जोडण्याची सक्ती खटकते. आक्षेप केवळ अल्पसंख्याकांकडूनच येतात असेही नाही. ‘ऑर्गनायझर’ या हिंदुत्ववादी साप्ताहिकाने १४ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंग्याविरुद्ध लिहिताना तीन हा आकडाच अशुभ असल्याचे कारण दिले होते. आक्षेप घेणाऱ्याला देशद्रोही ठरवून मोकळे होणे सोपे असते. पण आजचा तिरंगा आणि ज्या स्वरूपात ‘वंदे मातरम्’ मान्य झाले ते स्वरूप, दोन्ही अशाच आक्षेपांच्या चाळणीतून आली आहेत.

ध्वजाचा इतिहास याची साक्ष देतो. १९२१ मध्ये महात्मा गांधींपुढे आलेल्या ध्वजात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मांचा, अशी उघड वाटणी होती आणि मध्ये चरखा होता. रंग धर्मांना वाटून दिले की ज्याच्या वाट्याला रंग नाही तो नाराज होणारच. शिखांनी आपल्या रंगाची मागणी लावून धरली. अखेर एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची ध्वज समिती नेमली. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर हे तिचे सदस्य होते. हर्डीकर हे सेवादलाचे संस्थापक. 

ध्वज वेगळा ओळखू येणारा, देखणा आणि कोणत्याही जमातीचा शिक्का नसलेला असावा, ही समितीने धरलेली कसोटी. त्यानुसार तिने चरख्यासह एकरंगी केशरी ध्वज सुचवला. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने तो फेटाळून तीन पट्टेच ठेवले, मात्र अर्थ पार बदलला. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य. समितीचा ध्वज टिकला नाही, तिची कसोटी टिकली. रंग कोणत्याही धर्माचे नाहीत, हे शिखांच्या तक्रारीमुळे लिखित झाले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र घेऊन हाच ध्वज स्वीकारला.

‘वंदे मातरम्’चा वाद अधिक लांबला. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या १८८२ च्या ‘आनंदमठ’ कादंबरीतील या गीताची पहिली दोन कडवी मातृभूमीच्या निसर्गाची आहेत. पुढील कडव्यांत ती दुर्गेच्या रूपात येते. डिसेंबर १९२३ मध्ये काँग्रेसच्या काकिनाडा अधिवेशनात विष्णु दिगंबर पलुसकर हे गीत गायला उभे राहिले तेव्हा अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणावरून हरकत घेतली. पलुसकरांनी गीत पूर्ण केले. दोघेही आपापल्या श्रद्धेला जागले होते आणि दोघांच्याही देशप्रेमाविषयी शंका घ्यायला जागा नव्हती. म्हणूनच तो प्रसंग आजही अस्वस्थ करतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने रवींद्रनाथांचे मत विचारात घेऊन पहिली दोनच कडवी राष्ट्रीय सभांत गावीत असे ठरवले. सोबत किंवा त्याऐवजी दुसरे निर्विवाद गीत गाण्याची मोकळीकही आयोजकांना दिली. हे लांगूलचालन होते असे अनेकांना तेव्हाही वाटले, आजही वाटते. तरीही ज्यावर आक्षेप होता तो भाग बाजूला ठेवून ज्यावर एकमत होऊ शकते तो सर्वांसाठी राखला, याला दुबळेपणा म्हणता येत नाही. पुढे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी आपल्या चालीतले ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिके दिली, बॅन्डवर वाजेल अशी स्वररचनाही करून दाखवली. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असेल आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असे जाहीर केले.

कायद्यात अपमान करणे आणि सहभाग न घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायद्याने राष्ट्रगीत गाण्यास जाणूनबुजून अटकाव करणे किंवा ते गाणाऱ्या समूहात व्यत्यय आणणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्वतः न गाणे हा त्यात गुन्हा नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये ध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर हे कर्तव्य सांगितले आहे. मंत्री वा खासदार म्हणून शपथ घेणाऱ्याला तर राज्यघटनेची तिसरी अनुसूचीच दोन वाटा देते : ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. देवाचे नाव न घेणाऱ्याचे पद त्यामुळे कमी दर्जाचे ठरत नाही.

या विषयावरचा पायाभूत निकाल बिजो इमॅन्युएल खटल्यातील. केरळात कोट्टायम जिल्ह्यातील किडंगूरच्या शाळेत यहोवाचे साक्षीदार पंथातील तीन भावंडे शिकत होती. सकाळच्या प्रार्थनेला ती इतरांबरोबर रांगेत उभी राहत. राष्ट्रगीत सुरू झाले की ताठ उभी राहून गप्प असत. वर्षानुवर्षे कोणाला त्याचे काही वाटले नव्हते. मग एका आमदाराने विधानसभेत प्रश्न काढला, चौकशी झाली. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तरीही २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आले. केरळ उच्च न्यायालयात दाद लागली नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी ही कारवाई अभिव्यक्तीच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या अधिकारांचा भंग करणारी ठरवून मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढेच न्यायालय पाहते. ती इतरांना पटते का, हा प्रश्नच येत नाही. उभे राहण्यात आदर पुरेपूर व्यक्त होतो, गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, हे या निकालाने कायमचे नोंदवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच पंथाच्या मुलांबाबत १९४० मध्ये सक्तीच्या ध्वजवंदनाला मान्यता दिली आणि ऐन महायुद्धात, १९४३ मध्ये, ती स्वतःच मागे घेतली होती.

महाराष्ट्रातील प्रकरणे बहुधा शाळा, विधिमंडळ आणि सरकारी परिपत्रके यांभोवती फिरतात. नाशिकच्या एका शाळेतील बौद्ध शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वेतनवाढ रोखण्यात आली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती धर्मस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. राज्यातील चित्रपटगृहांत २००३ पासून राष्ट्रगीत वाजते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ती सक्ती देशभर केली आणि जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक केली. १६ मार्च २०१६ रोजी भायखळ्याचे आमदार वारिस पठाण यांनी विधानसभेत ‘भारतमाता की जय’ म्हणण्यास नकार दिला. ‘जय हिंद’ म्हणायची त्यांची तयारी होती. सभागृहाने त्यांना एकमताने अधिवेशन संपेपर्यंत निलंबित केले. पक्षभेद विसरून झालेला तो ठराव सभागृहाच्या शिस्तीचा असेलही, पण न उच्चारलेल्या घोषणेसाठी निवडून आलेल्या सदस्याला बाहेर ठेवणे किडंगूरच्या निकालाच्या भावनेशी जुळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारने अधिकारी-कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे असे आवाहन केले. त्याआधीच रझा अकादमी या मुस्लिम संस्थेने आक्षेप नोंदवून दुसरा पर्याय मागितला होता. आदेशाऐवजी आवाहन निघाले, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न नौदलाच्या ध्वजाच्या रूपाने समोर येतो. मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेले की शिवराजेश्वराचे मंदिर लागते. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात छत्रपती राजारामांच्या काळापासून शिवाजी महाराजांची देव म्हणून पूजा होते. मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. त्याच राजाची मुद्रा २ सप्टेंबर २०२२ पासून भारतीय नौदलाच्या ध्वजावर आकाररूपाने आली. पांढऱ्या कापडावर वरच्या कोपऱ्यात तिरंगा आणि दुसऱ्या बाजूला दुहेरी सोनेरी किनारीचा निळा अष्टकोन. अष्टकोनात नांगरावर उभी सिंहमुद्रा आणि खाली तैत्तिरीय उपनिषदातील वरुणाचे आवाहन. हा अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला असून त्याच्या आठ बाजू आठ दिशा सुचवतात, असे अधिकृत स्पष्टीकरण आहे.

या जागी आधी सेंट जॉर्जचा लाल क्रूस होता. २६ जानेवारी १९५० रोजी युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, क्रूस राहिला. १५ ऑगस्ट २००१ रोजी तो काढला. पण नव्या ध्वजावरचे निळे चिन्ह समुद्र-आकाशाच्या निळाईत ओळखू येईना, म्हणून २००४ मध्ये क्रूस सिंहमुद्रेसह परतला. २०१४ मध्ये मुद्रेखाली ‘सत्यमेव जयते’ आले आणि २०२२ मध्ये क्रूस कायमचा गेला. दोन्ही वेळा कारण दिले गेले ते वसाहतीच्या खुणा पुसण्याचे. धर्माचे नाव घेतले गेले नाही. ते योग्यच होते, कारण मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांवर गाबीत, मुस्लिम आणि ख्रिस्ती मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत आणि २००५ पासून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे. एका धर्माचे चिन्ह गेले आणि दुसऱ्याचे आले, असा अर्थ इथे कोणी काढला असता तर तो ध्वज या किनाऱ्याचा राहिला नसता.

राजमुद्रेचीही यात मदत झाली. तिच्या संस्कृत मजकुरात कोणत्याही देवाचे नाव नाही. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी, शहाजींच्या पुत्राची ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, एवढाच तिचा आशय. महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी आणि दौलतखान हे दोघेही होते, १६७९ च्या खांदेरीच्या लढ्यातही. त्यामुळे शिवराजेश्वराला नमस्कार न करणारा नौसैनिकही अष्टकोनाच्या ध्वजाला निःशंक सलामी देऊ शकतो. पूजा आणि मानवंदना यांतला फरक याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. वरुणाच्या आवाहनाबद्दल असे म्हणता येणार नाही. ते थेट देवतेला उद्देशून आहे आणि त्यावर कोणी उद्या प्रामाणिक शंका काढली तर ती ऐकून घ्यावी लागेल.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पट्ट्यांवर शिवकालीन वारसा येईल आणि हुद्द्यांची नावे भारतीय परंपरेनुसार बदलतील, अशी घोषणा पंतप्रधानांनी तेथे केली. महिनाअखेरीस ॲडमिरलांच्या पट्ट्यांवर ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या वळ्याऐवजी सोनेरी बटण, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण आली. हुद्द्यांची नावे ठरवतील त्यांनी १९३१ च्या ध्वज समितीचा अहवाल आधी वाचावा.