पर्वती चढणारे

नोकरीभर मी पुण्याच्या पीएमटी बसमध्ये कंडक्टर होतो. स्वारगेटहून गाडी सुटली की ‘पुढं सरका, पुढं सरका’ करत दिवसभर येरझाऱ्या. त्याला व्यायाम म्हणावं असं कधी डोक्यात आलं नाही. निवृत्तीनंतर साखर वाढली, डॉक्टर म्हणाले, चाला. पुणेकराला चाला म्हटलं की तो टेकडीकडे वळतो. मी सहकारनगरचा, म्हणून पर्वती.

पायऱ्या १०३. नव्या माणसाला वाटतं, काय मोठंसं! पण या पायऱ्या जिन्यासारख्या नाहीत. चांगल्या रुंद, हत्ती चढेल अशा बांधल्यात म्हणतात. एका ढांगेत पुढची पायरी येत नाही, मध्ये एक पाऊल टाकावं लागतं. त्यामुळे प्रत्येक चढ एकाच पायावर येतो आणि अर्ध्यातच तो गुडघा बोलायला लागतो. जुने लोक म्हणून सरळ चढतच नाहीत, नागमोडी जातात. उतरताना तर आडवेच.

वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. त्यांच्या आईचा, काशीबाईंचा पाय दुखायचा. इथल्या देवीला नवस बोलल्यावर तो बरा झाला, अशी कथा सांगतात. पायाच्या दुखण्यापायी पुण्याला चढण मिळाली म्हणायची! पानिपतानंतर, १७६१ च्या जूनमध्ये, नानासाहेब इथंच वारले. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई इथून पाहिली. श्रावणात पायथ्याच्या रमणा नावाच्या आवारात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, तिच्यासाठी लांबलांबून माणसं पायी येत.

पण त्या काळी चालण्याला व्यायामाचा मान नव्हता. व्यायाम म्हणजे तालीम: जोर, बैठका, मल्लखांब. चालणं हे काम होतं. पोटासाठी, देवासाठी किंवा फौजेबरोबर. तो मान मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्यात आमच्या जातभाईंचा वाटा आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातले सुमारे ३१ हजार पुरुष कामगार अभ्यासले आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापला: बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसमध्ये वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. हे कंडक्टर दिवसाला पाच ते साडेसातशे पायऱ्या चढत. मी हिशेब केला. पर्वती पाच वेळा चढलं की ५१५. एवढं मला झेपत नाही, दोनदा चढतो.

पर्वतीच्या आसपास वस्ती दाटली ती १२ जुलै १९६१ नंतर. पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड त्यातच गेलं. पूरग्रस्तांच्या सोसायट्या सहकारनगरात उभ्या राहिल्या आणि पर्वती देवदर्शनाची न राहता रोजची झाली. आज सकाळी सहाला कॅनव्हासचे बूट घातलेले पेन्शनर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, नऊवारीतल्या आजीबाई, सगळे एकाच पायऱ्यांवर धापा टाकतात.

ही सरमिसळ जुनी नाही. याच मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव होता. १३ ऑक्टोबर १९२९ ला शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह सुरू झाला. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशीही त्यात होते. सत्याग्रहींवर दगड पडले, दार उघडलं नाही. सत्याग्रह जानेवारी १९३० पर्यंत चालला. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो थेट १९४७ साली.

पर्वतीचा इतिहास सांगताना लोक नानासाहेबांपाशी सुरू होतात आणि खडकीपाशी थांबतात. मला तो अर्धा वाटतो. डॉक्टर ‘चाला’ म्हणतात, तेव्हा वाट सगळ्यांना मोकळी आहे हे धरूनच म्हणतात. पायऱ्या पेशव्यांनी बांधल्या हे खरं. पण त्या चढून गेल्यावर कुणालाही कुणी ‘तू कोण?’ विचारत नाही, ही कमाई १९२९ मध्ये दगड खाणाऱ्यांची आहे.