माळवलीच्या शिळा आणि आजच्या रॉ फाइली

लोकलने माळवलीला उतरणारे बहुतेक जण लोहगडाकडे नाहीतर भाज्याच्या लेण्यांकडे निघालेले असतात. राजा रविवर्मांचा शिळाछापखाना याच गावात होता, हे त्यांना सहसा ठाऊक नसतं. 1894 मध्ये गिरगावात सुरू झालेला तो छापखाना 1899 मध्ये इथे आला. पुढे काही वर्षांतच रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, पण लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी इथून घरोघरी जातच राहिल्या. मी मावळात लग्नांचे आणि लेण्यांचे फोटो काढतो. रॉ फाइल कॉम्प्रेस करावी की करू नये, असा वाद धंद्यातली नवी मुलं घालू लागली की मी त्यांना माळवलीची गोष्ट सांगतो.

तैलचित्र एकच असायचं. त्याच्या हजारो प्रती काढायच्या तर कारागीर आधी त्यातले रंग वेगळे करायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, घोटून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर तेलकट शाईने टिंब टिंब करून काढलेलं उलटं चित्र. एकच कागद पाळीपाळीने सगळ्या दगडांवर दाबला जायचा. तो केसभर सरकला तर ओठांचा लाल गालावर उमटायचा. ब्रशने सावलीत अलगद विरत गेलेला साडीचा काठ छापात ठरावीक रंगांच्या टिंबांत बसवावा लागे. काय ठेवायचं नि काय सोडायचं, हे त्या कारागिराच्या नजरेवर होतं, आणि त्याने सोडलेलं छापातून कोणालाच परत मिळवता येत नाही. त्यात दगड महाग. काम झालं की चित्र घासून काढायचं आणि त्याच दगडावर दुसरं घ्यायचं, ही शिळाछापाच्या धंद्यातली सर्रास रीत होती.

याच छापखान्याची कामं घेत दादासाहेब फाळके लोणावळ्यात स्थिरावले. पुरातत्त्व खात्यातली छायाचित्रकाराची आणि ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून त्यांनी इथे ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढलं. तिथे ते हाफटोन ब्लॉकही करू लागले. हाफटोनमध्ये फोटो बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीतून पुन्हा टिपतात. छापलेल्या चित्राला भिंग लावून पाहा, करडा रंग कुठेच सापडणार नाही. नुसते काळे ठिपके दिसतील, कुठे मोठे, कुठे लहान. छपाईसाठी एवढी काटछाट चालते, कारण काचेवरची मूळ निगेटिव्ह शाबूत असते. आमच्या धंद्याचा पाया मला इथे दिसतो: छापात तडजोड करा, निगेटिव्हमध्ये नको.

रॉ फाइल ही आजची निगेटिव्ह. 14 बिटांच्या फाइलीत एका पिक्सेलला 16,384 पायऱ्या मिळतात. कॉम्प्रेस करण्याच्या लॉसलेस पद्धतीत शेजारच्या पिक्सेलशी असलेला फरक लिहितात आणि वारंवार येणाऱ्या फरकाला आखूड खूण देतात. फाइल उघडली की एकूण एक आकडा जसाच्या तसा परत येतो. तिला घाबरण्याचं काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो माहिती गाळणाऱ्या पद्धतींचा. सोनीच्या जुन्या पद्धतीत सोळा पिक्सेलांच्या गटातला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा असे दोनच पिक्सेल नीट नोंदले जात. उरलेले चौदा त्या दोघांमधल्या पायऱ्यांवर बसवले जात. दोघांत अंतर थोडं असलं तर पायऱ्या बारीक, अंतर मोठं असलं तर त्या जाडजूड. तक्रारी वाढल्यावर 2015 मध्ये कंपनीने कॉम्प्रेस न केलेल्या रॉची सोय दिली.

कार्ल्याच्या चैत्यगृहात उभं राहिलं की हा हिशेब डोळ्यांना कळतो. पिंपळपानी गवाक्षातून भगभगीत ऊन आत येतं आणि वर काळोखात दोन हजार वर्षांच्या मूळ लाकडी फासळ्या असतात. फोटोत काळोख उजळायला घेतला की नेमक्या त्या उजेड-अंधाराच्या कडेवर या जाडजूड पायऱ्या डागांसारख्या वर येऊ शकतात. लेण्यांना म्हणून मी लॉसलेसच वापरतो. हळदीच्या, वरातीच्या फोटोंत मात्र गाळीव रॉने काही बिघडत नाही. अल्बमच्या पानावर तो फरक कोणी ओळखून दाखवावा.

खरं नुकसान वेगळ्याच वाटेने होतं. 1972 मध्ये माळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि तिथला मोठा ठेवा गेला. फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची पूर्ण प्रत आज कुठेही नाही. निगेटिव्ह चांदीसाठी विकणं आणि काचा धुऊन तसबिरींना लावणं हेही या धंद्यात चालत आलं आहे. तेव्हा लॉसलेस लावा आणि वाचलेल्या जागेत दुसरी प्रत ठेवा, तीही दुसऱ्या घरात. कामशेत, वडगाव, तळेगावच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: माळ्यावरचे निगेटिव्हचे डबे भंगारात देण्याआधी एकदा स्कॅन करून घ्या.