आज खा, आठ दिवसांनी द्या

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. आम्हा कोकणी मुसलमानांत हे नवं नाही. दोन घरं सोडून एक माणूस दर्यावर असतोच. मध्यंतरी त्याचं जहाज इटलीतल्या नेपल्स बंदराला लागणार होतं. त्यानं फोन केला, "मामू, एक संध्याकाळ मोकळी मिळतेय. तुम्ही एवढं वाचता, सांगा बरं, नेपल्समधला सगळ्यात चांगला पिझ्झा कुठं खाऊ?"

बी.ए.ला माझा इतिहास होता, पण त्यात पिझ्झा नव्हता. शिवाय कवीला असा प्रश्न विचारू नये. तो उत्तर सोडून भलत्याच गल्लीत शिरतो. मीही शिरलो.

आपल्याकडे पिझ्झा म्हटलं की पोरांचे वाढदिवस, चकचकीत दुकानं, खोक्यातून घरपोच येणारी चैन असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. नेपल्समध्ये तो हातावर पोट असणाऱ्यांचा घास होता. 'थ्री मस्केटियर्स' लिहिणारा फ्रेंच कादंबरीकार आलेक्सांद्र द्युमा १८३५ साली तिथं गेला. त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १८४३ मध्ये आलं. तिथल्या फाटक्या, बेघर लोकांना लाझारोनी म्हणत. ते उन्हाळ्यात कलिंगडावर आणि हिवाळ्यात पिझ्झावर जगतात, असं त्यानं लिहिलं. पिझ्झाच्या भावावरून बाजाराची नाडी कळते, हेही त्यानं टिपलं. मासळी कमी आली की मासळीचा पिझ्झा महाग.

पण एका ठिकाणी तो फसला. 'आठाचा पिझ्झा' असा एक प्रकार त्याच्या कानावर आला. तो आठ दिवसांचा शिळा पिझ्झा असावा, अशी त्यानं समजूत करून घेतली. खरं तर ती उधारी होती. आज खा, पैसे आठ दिवसांनी द्या. व्हित्तोरियो दे सिका यांच्या १९५४ च्या 'नेपल्सचं सोनं' या चित्रपटात सोफिया लॉरेन असाच उधारीचा पिझ्झा विकते.

द्युमाला जे कळलं नाही, ते मला वाचल्याबरोबर कळलं. माझे वडील गावच्या बेकरीत पीठ मळायला होते. बेकरीच्या भिंतीवर पाटी होती, 'आज रोख, उद्या उधार'. आणि त्या पाटीखालीच मालकांची लाल वही. निम्मा मोहल्ला त्या वहीत होता, आम्हीसुद्धा. रमजानमध्ये वही फुगायची आणि ईदनंतर हळूहळू उतरायची. पाटीकडे कुणी पाहत नसे.

तर नेपल्स. १८८४ साली तिथं कॉलरा आला आणि शहरात सुमारे ७ हजार माणसं दगावली. नेपल्सचं पोट फाडायला हवं, म्हणजे गरिबांच्या दाट वस्त्या पाडायला हव्यात, असं पंतप्रधान देप्रेतिस म्हणाले. त्यांना उत्तर म्हणून मातिल्दे सेराओ या पत्रकार बाईंनी 'नेपल्सचं पोट' हे पुस्तक लिहिलं. तुम्हाला या शहराचं पोट ठाऊक तरी आहे का, असा त्यांचा सवाल. त्या पोटात काय जातं हे सांगताना त्या पिझ्झावर येतात. एका सोल्दोला, म्हणजे अगदी चिल्लर नाण्याला तुकडा. कित्येकांची न्याहारी किंवा दुपारचं जेवण तेवढंच. थंडीत गारठलेला, उन्हात पिवळा पडलेला, माशा बसलेला. बाई काही लपवत नाहीत, पण नाकाला रुमालही लावत नाहीत. रोममध्ये पिझ्झाचं दुकान काढणाऱ्या एका नेपल्सवाल्याची गोष्टही त्या सांगतात. आधी गर्दी झाली, मग ओसरली आणि दुकान बसलं. म्हणजे त्या काळात हा पदार्थ दोनशे किलोमीटरवरच्या रोममध्येही तग धरत नव्हता. 'पिनोकिओ'चा लेखक कोलोदी यानं १८८६ मध्ये तर पिझ्झाच्या रंगांची तुलना विक्रेत्याच्या अंगावरच्या मळाशी केली.

आता राणीची गोष्ट. जून १८८९. राजा उंबेर्तो आणि राणी मार्गेरिता नेपल्समध्ये असताना राफाएले एस्पोसितो या पिझ्झावाल्यानं तीन प्रकार करून राजवाड्यात नेले. टोमॅटो, मोझारेला चीज आणि तुळशीच्या जातीतलं बेसिल घातलेला राणीला आवडला, म्हणून त्याला तिचं नाव मिळालं. पुरावा म्हणून दरबारी अधिकारी कामिल्लो गाल्ली यांच्या सहीचं ११ जून १८८९ चं आभारपत्र दाखवतात. दुकानावर १९८९ मध्ये शताब्दीची संगमरवरी पाटीही लागली.

पण झॅकरी नोवाक या अमेरिकन इतिहास-अभ्यासकानं २०१४ साली ते पत्र तपासलं. शिक्का आणि हस्ताक्षर त्या काळच्या दरबारी कागदांशी जुळत नाहीत, असं त्यानं दाखवलं. पिझ्झावर मोझारेला आणि बेसिल घालण्याची नोंद तर १८८९ च्या आधीच्या नेपल्सवरच्या पुस्तकात सापडते. म्हणजे राणीनं तो चाखला असो वा नसो, पिझ्झा गल्लीतच तयार झाला होता. फक्त त्याला दाखला हवा होता. याचा मला राग येतो. माझ्या वडिलांची रोटी चांगली होती हे गावाला दर सकाळी कळायचं, त्यासाठी कुणाच्या सहीचं पत्र लागलं नाही. आणि गंमत बघा, त्याच १८८९ च्या जूनमध्ये जुन्या वस्त्यांची पाडापाडीही सुरू झाली. एका हातानं कौतुक, दुसऱ्या हातात पहार.

पुढचे दाखले आजच्या पद्धतीचे. १९८४ मध्ये अस्सल नेपल्सच्या पिझ्झासाठी संघटना निघाली आणि तिनं नियम केले. लाकडाची भट्टी, सुमारे ४८५ अंश सेल्सिअसची धग, ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा बाहेर. २०१७ मध्ये युनेस्कोनं या कारागिरांच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. हा दाखला मला पटतो, कारण तो पदार्थाला नाही, हाताला दिलेला आहे. एवढ्या आचेवर एक श्वास जास्त झाला की कड करपते. भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दंडावर केस नसतात. वडिलांच्याही नव्हते.

भाच्याला मी एवढंच कळवलं, की यादी करू नकोस, मरिनारा माग. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स. चीज नाही, मांस नाही, म्हणजे हलालची विचारपूस नको. शिवाय नावातच दर्या आहे, तो खलाशांचा पिझ्झा.

रात्री उशिरा त्याचा फोन आला. नामांकित दुकानांपुढे रांगा होत्या आणि जहाजावर परतायची वेळ होत आली होती. बंदराजवळच्या गल्लीत काचेच्या कपाटातून विकणाऱ्याकडून घेतला, रुमालासारखी चौघडी घालून, चालता चालता खाल्ला.

"कसा होता?" मी विचारलं.

"खाली थोडा करपला होता, मामू. पण दुसरा घेतला."

"आणि उधारी?"

"रोख घेतले त्यानं. पाटी नव्हती, पण घेतले."